दुसऱ्यांदा मरण्याआधी

मी, झुलाल रुपचंद बोरसे, वय अदमासे अठ्ठावन्न, धंदा शेती, राहणार मौजे खैरगव्हाण, तालुका शिंदखेडा, जिल्हा पश्चिम खानदेश, पुरता शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे तर आपखुशीने, हा कागद स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. धुळ्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून जे तोंड केले, ते पाहता आता लांबवण्यात अर्थ नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापूर्वी एकदा मेलो मात्र आहे. त्या वेळी मागे कागद ठेवला नव्हता, त्यामुळे माझी इच्छा काय असेल ते घरच्यांना अंदाजाने ठरवावे लागले. तसे पुन्हा होऊ नये.

खरे सांगायचे तर हा सगळा खटाटोप एका कलमासाठी आहे. ते कलम तानुबाईविषयी आहे, आणि ते लिहायची मला लाज वाटते, म्हणून आधी बाकीचे उरकून घेतो. धुळ्याला वकील लीलाधरराव यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि विचारले, तानुबाई नात्याने तुमच्या कोण? शाई वाळली, त्यांनी पुन्हा टाक बुडवला, पुन्हा विचारले. ज्या माणसाला सरकारने शूर म्हणून पदक दिले तो एका साध्या प्रश्नाला उपरण्याने घाम पुसत बसला. शेवटी मीच म्हणालो, वकीलसाहेब, कोरा कागद द्या, घरी बसून लिहितो.

कलम १. जमीन. बुराई नदीकाठचा काळ्या मातीचा तुकडा आणि माथ्यावरचे बरड, यांतला माझा हिस्सा तानुबाईचा मुलगा अभिमन आणि त्याची बहीण प्रमिलाबाई यांना सारखा वाटून द्यावा. प्रमिलाबाई चोपड्याला दिली आहे, तिच्या सासरी केळीच्या बागा आहेत, तिला या बरडाची काय गरज, असे भाऊबंद आत्ताच बोलू लागले आहेत. गरज नाही म्हणूनच द्यायचे. ही पोर तान्ही होती तेव्हा मी कितीतरी महिने तिच्याकडे नजर टाकली नव्हती. तिला ते ठाऊक नाही. आता कळेल, आणि कळले तर बरेच.

कलम २. बारागाड्यांचा दोर. चैत्रात आमच्या गावी खंडेरायाची जत्रा भरते. त्या दिवशी बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यांवर मावतील तेवढी माणसे चढतात, आणि बैलांच्या जागी एकटा भगत कमरेला दोर बांधून त्या ओढतो. त्याला सावरायला दोन्ही बाजूंना एकेक गडी धावतो, त्याला बगला म्हणतात. माझे वडील रुपचंद भगत होते, त्यांच्यामागून मी. लोक म्हणतात देव ओढतो. देव ओढतोच, पण पहिले चाक हलेपर्यंत टाच रोवून श्वास धरावा लागतो, ते काम देव करीत नाही. हा दोर माझा बगला तोताराम याच्याकडे जावा. त्याने माझी कुदळ नेली आहे ती परत मागू नये. मला सावरताना त्याच्या पायाचा अंगठा चाकाखाली गेला होता आणि त्याने कधी ‘हाय’ केले नाही. त्यापुढे कुदळ काय.

कलम ३. हिरवी बंडी. लाकडी पेटीत लोकरीची एक हिरवी बंडी आहे, कसरीने खाल्लेली. छातीवर तीन पानांचे चिन्ह आहे. गावाने ते बेलाचे पान मानले आहे आणि माझ्यामागे ही बंडी महादेवाच्या देवळात ठेवण्याचे घाटत आहे. ठेवू नये. ते बेलाचे पान नाही. ती डॉक्टर कप्तान रोर्क साहेबांची बंडी आहे आणि ते पान त्यांच्या मुलखातल्या गवताचे आहे.

रोर्क साहेब आयर्लंड नावाच्या बेटावरचे. तिकडे लांबट चेंडूचा एक खेळ असतो. चेंडू काखेत मारून पळायचे आणि बाकीच्यांनी अंगावर पडून पाडायचे, असा काहीसा. साहेब तो आपल्या देशाकडून इंग्रजांविरुद्ध खेळलेले होते, आणि जिंकलेलेही. ते हळूच सांगत, की आमच्याही मुलखावर राज्य त्यांचेच, पण त्या एका मैदानावर दुपारपुरते आमचे असे. मला त्यांनी नावाने नव्हे, खांद्यावरून निवडले. मी पलटणीत डोली वाहणारा म्हणून भरती झालो होतो.

पहिल्या जर्मन युद्धात, पंधरा साली, बगदादच्या अलीकडे सलमान पाक येथे मोठी लढाई झाली. जखमी इतके, की डोल्या पुरेनात. मग त्यांना सामानाच्या खटाऱ्यांत घातले. खटाऱ्यांना कमानी नसतात. प्रत्येक खड्ड्याला आतली माणसे आई आठवत होती. आमच्या खटाऱ्याची खेचरे गोळीने पडली. साहेबांनी मेलेली खेचरे सोडवली आणि जुवाखाली स्वतःचा खांदा घातला. दुसऱ्या बाजूला मी. गोळ्या चालू होत्या. साहेब मोडक्या हिंदुस्थानीत म्हणत होते की खाली बघ, पुढे बघ, बाजूला बघू नको. तो खटारा आम्ही नदीपर्यंत नेला, आणि परत येऊन दुसरा नेला, आणि उजाडेपर्यंत तेच करीत राहिलो. त्याबद्दल साहेबांना मोठे पदक मिळाले आणि मला लहान. आम्ही फार शूर होतो असे मला वाटत नाही. दोघांना ओढता येत होते, आणि ओढायला समोर काहीतरी होते.

पुढे कूत शहरात तुर्कांनी आम्हाला कोंडले. तिथे साहेबांना गोळी लागली. थंडी भयंकर होती. शेवटच्या दिवसांत त्यांनी विचारले, घरी कोण आहे? मी सांगितले, बायको आहे, रांगता मुलगा आहे. त्यांनी अंगातली ही बंडी काढायला लावली आणि म्हणाले, मग ही तू घाल आणि जिवंत घरी जा. मी घातली. जिवंत घरीही आलो. साहेबांनी सांगितले ते मी तंतोतंत केले, आणि त्यांनी ते सांगितले नसते तर अधिक बरे झाले असते असे पुष्कळदा मनात आले. अशा माणसाच्या उपकाराविषयी असा विचार यावा, याचीही शरम वाटते. बंडी माझ्याबरोबर चितेवर ठेवावी.

कलम ४. पदक. कूत पडल्यावर तुर्कांनी आम्हाला उन्हातून चालवत दूर डोंगरात नेले आणि आगगाडीच्या बोगद्याचे दगड फोडायला लावले. वाटेत इतके मेले की कोण राहिला याचा हिशेब सरकारलाही लागला नाही. गावच्या पाटलाकडे कागद आला, की झुलाल रुपचंद कामी आला. त्यामागोमाग पदक आले. धुळ्याला दरबार भरवून कलेक्टरसाहेबांनी ते तानुबाईच्या हातात दिले. ती तेव्हा वीस-एकवीस वर्षांची असेल, कपाळ पुसलेले, कडेवर अभिमन. भाषणे झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, त्या दिवशी माझे तसे झाले. जत्रेत ज्यांनी मला कधी पाण्याचा तांब्या विचारला नाही तेसुद्धा डोळे पुसत होते म्हणे. शंका घ्यायला जागाच उरली नाही. कागद एक वेळ खोटा असेल, पण सरकार चांदी खोट्या मरणावर देईल का?

ते पदक तानुबाईला दिलेले आहे आणि तिचेच आहे. मी आल्यावर तिने ते अभिमनच्या हाती माझ्याकडे पाठवले होते. ते मी त्याच पोराच्या हाती परत पाठवले. आमच्या दोघांत इतकीच काय ती देवघेव. तिने ते मोडून नातीला वाळे करावेत.

कलम ५. माझे दहावे. हे नीट वाचावे. माझे प्रेत नव्हते म्हणून तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून बुराईच्या काठी जाळला. दहाव्याला पिंड ठेवला. कावळा शिवेना. आता शिवेल कसा? मी तिकडे जिवंत होतो, पहार मारीत होतो. पण आपल्या लोकांना असे कधी वाटायचे नाही की माणूस मेला नसेल; वाटायचे ते एवढेच, की माणसाचा जीव कशात तरी अडकला आहे. म्हणून एकेकाने पुढे होऊन हात जोडले. तुझा खिल्लारी बैल विकणार नाही, कबूल केले. कावळा फांदीवर. तुझ्या नावाने बारागाड्यांचा दोर सोडणार नाही, कबूल केले. कावळा फांदीवर. ऊन चढले. अखेर माझे वडील उठले आणि पिंडाकडे पाहून बोलले.

“झुलाल, तुनी बाईनी काळजी करू नको. हिलाल तिले संभाळी लेई.”

आणि कावळा खाली उतरला. उतरला आणि भात खाल्ला. हिलाल माझा धाकटा भाऊ. आमच्या जातीत विधवेचा पाट धाकट्या दिराशी लागतो, त्यात गैर काही नाही. पण दोघांच्याही मनात ते नव्हते, हे मला नंतर अनेकांनी सांगितले. हिलालसाठी मुलगी पाहून ठेवली होती. तानुबाईने वर्षभर नको म्हटले. परंतु पिंडासमोर दिलेला शब्द, तोही लढाईत मेलेल्या भावाला दिलेला. तो मोडायचा कसा? त्यांनी माझी इच्छा म्हणून ते केले. कावळ्यावर माझा राग नाही, त्याला भूक लागली असेल.

म्हणून लिहून ठेवतो, की माझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही तर कोणीही काहीही कबूल करू नये. थोडा वेळ थांबावे, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावावा आणि घरी येऊन जेवावे.

कलम ६. जीवराम. हा आमचा भाऊबंद, जातीचा पंच. लढाई संपल्यावर, एकोणीस साली, मी नरडाण्याच्या ठेसनावर उतरून गावात चालत आलो तेव्हा मला पाहून पहिला जो पळाला तो हाच. नंतर पुढारपण करायलाही पहिला हाच. ज्याचे क्रियाकर्म झाले तो माणूस घरात घेता येत नाही, त्याला नव्याने जन्म घ्यावा लागतो, असा त्याने शास्त्रार्थ काढला. मग माझी आई यशोदाबाई सुपात तांदूळ घेऊन बसली, तिच्या मांडीवर माझ्यासारख्या धटिंगणाचे डोके ठेवले, मला मध चाटवला, कानात नाव सांगितले. बायका हसत होत्या आणि रडतही होत्या. जीवरामने त्या बारशाचे जेवण गावासह हाणले. माझ्या तेराव्याला त्याला बोलवावे, पण शेवटच्या पंगतीत बसवावे. माझ्या जन्माचे जेवण तो जेवला आहे.

खरी गोष्ट त्याआधीची. मी दारात आलो तेव्हा तानुबाई अंगणात होती, मांडीवर प्रमिला. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिले. मला वाटले ती हाक मारील. तेवढ्यात मागून हिलाल आला, आणि तिने पदर ओढून चेहरा झाकला. आमच्याकडे भावजय मोठ्या दिराला, म्हणजे जेठाला, तोंड दाखवत नाही, त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या सावलीवर पाय देत नाही. माझी बायको होती ती एका क्षणात भावजय झाली. तो पदर त्यानंतर वर गेलेला नाही.

पंच बसले. हिलाल खाली मान घालून रडत होता. जीवराम म्हणाला, “झुलाल, बाई तुनी शे. हिलाल सोडाले तयार शे. तू फक्त हा म्हन.”

मी सगळ्यांकडे पाहिले. हिलालच्या मांडीवरची पोर पाहिली. मी म्हणालो, “पिंडवर जे दिधं, ते परत लेतस नही.”

गाव धन्य धन्य म्हणाले. सलमान पाकपेक्षा हे शौर्य मोठे, असे शाळेच्या मास्तरांनी सभेत सांगितले. जो मरून आला आणि घरचेही सोडून बसला, त्याच्यात देवच असला पाहिजे, असे म्हणून त्यांनी मला पुन्हा भगत केले. दरसाल गाड्या ओढण्याआधी गावच्या बायका माझ्या पायावर डोके ठेवीत आणि मी आशीर्वाद देत असे. त्या पंचायतीत सगळ्यांनी सगळ्यांना विचारले, आत दाराआड बसलेल्या तानुबाईला सोडून. मीही विचारले नाही. मोठे वाक्य तोंडात तयार होते, ते बोलून टाकले. तिला काय हवे होते हे मला आजही माहीत नाही. आणि ज्या वाक्याची मला इतकी वर्षे लाज वाटते त्याच वाक्यासाठी लोक माझ्या पाया पडत आले.

कलम ७. अभिमन. याचे पूर्ण नाव अभिमन हिलाल बोरसे असे आहे आणि तसेच राहील. मी गेलो तेव्हा तो रांगत होता; आलो तेव्हा हिलालचे बोट धरून गावभर हिंडत होता. तो मला ‘मोठा बा’ म्हणतो. खरे काय ते त्याला माहीत आहे, गावाला माहीत आहे, गावच्या कुत्र्यांनाही माहीत असेल. तरी माझ्या चितेला त्याने पुतण्या म्हणूनच अग्नी द्यावा. हिलालने त्याला खांद्यावर बसवून शिंदखेड्याच्या शाळेत नेले, त्याच्या तापात रात्री बसून काढल्या. मरणाऱ्याने जाता जाता दुसऱ्याचे बापपण उचलून नेऊ नये.

हिलाल गेल्या दिवाळीत गेला. इतकी वर्षे तो माझ्यासमोर खाटेवर बसला नाही, आणि मी त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही. आम्ही दोघे एकमेकांना लाजत होतो, आणि चूक दोघांचीही नव्हती. शेतात मात्र एका जुवाचे बैल चालावे तसे चाललो. त्याच्या अखेरच्या दिवशी मी त्याचे पाय चेपले. मोठ्याने धाकट्याचे पाय चेपू नयेत म्हणतात. म्हणोत.

कलम ८. घर. राहत्या घरातला माझा निम्मा हिस्सा तानुबाईला, कोणत्याही अटीशिवाय. तिने तो ठेवावा, विकावा, कोणाला द्यावा. अभिमनने किंवा भाऊबंदांनी विचारू नये. नात्याचा रकाना मी कोरा सोडतो. सरकारला भरायचाच असेल तर सरकारने भरावा, नाहीतरी पहिल्या वेळी सरकारनेच भरला होता.

या घरात मी तिच्या हातचे जेवलो. ताट दाराच्या उंबऱ्यावरून पुढे सरकायचे आणि आतून बांगड्या वाजायच्या. तो आवाज आला की जेवायला ये असे समजायचे. मला कारले चालत नाही. हे मी लग्न झाले त्या वर्षी तिला सांगितले होते, त्यानंतर बोलण्याचा प्रश्नच आला नाही. माझ्या ताटात कारले कधी आले नाही. दिवाळीपासून बांगड्या नाहीत. आता ती चौकटीवर बोटाने टकटक करते. तिने दोनदा बांगड्या फोडल्या. पहिल्या माझ्यासाठी, त्या फुकट गेल्या.

कलम ९. आता ते कलम. मी मेल्यावर मला अंगणात निजवतील. रिवाजाप्रमाणे तानुबाई तेव्हाही पदर ओढून, पाठमोरी, बायकांच्या मागे बसेल, कारण जेठ मेला तरी जेठच असतो. माझी इच्छा अशी आहे, की त्या वेळी तिने पदर मागे सारावा आणि एकदा माझा चेहरा उघड्या डोळ्यांनी पाहावा. तिला पाहायचा असेल तर. नसेल तर कोणी आग्रह करू नये. आणि पाहायचा असेल तर जीवरामने, पंचांनी, कोणीही हरकत घेऊ नये. मेलेल्या माणसाकडे नुसते पाहण्यात विटाळ नाही आणि विनयभंगही नाही. साठीला टेकलेल्या माणसाने हे कागदावर लिहावे, आणि तेही भावाच्या विधवेविषयी. पण गोळ्यांत जू ओढायला जितकी हिंमत लागली नाही तितकी ही एक ओळ लिहायला लागली, म्हणून ती खोडत नाही.

येथे मृत्युपत्र संपले.

ताजा कलम. संपले असे वाटले होते. साक्षीला मोतीलाल दुकानदार आणि तोताराम आज ओट्यावर येऊन बसले. तोतारामला वाचता येत नाही, आणि कशावर अंगठा देतो ते ऐकल्याखेरीज तो देणार नाही म्हणाला. मी मोतीलालला म्हटले, जमीन आणि घर एवढे वाच, बाकी राहू दे. मोतीलाल कसला ऐकतो. त्याने पहिल्या ओळीपासून, गिऱ्हाइकाला बाकी सांगावी तशा आवाजात, सगळे वाचले. मी खांबाकडे तोंड करून बसलो होतो. मधल्या दाराआड ती नेहमीच्या जागी होती, हे मला ठाऊक होते. नववे कलम वाचताना मोतीलालचाही आवाज उतरला.

वाचून झाल्यावर पावले वाजली. तानुबाई उंबरा ओलांडून ओट्यावर आली, पुरुषांत, साक्षीदारांसमोर. मी मान खाली घातली. ती बोलली. बत्तीस वर्षांनी मी तो आवाज माझ्याशी बोलताना ऐकला. जरा घोगरा झाला आहे.

“जित्ता माणूसनं तोंड देखाले मरननी वाट कसाले?”

मला वर पाहवेना. तेव्हा ती म्हणाली, “आते मान वर करा.”

मी मान वर केली. पदर खांद्यावर होता. केस पांढरे झाले आहेत, समोरचा एक दात पडला आहे. डोळे ओळखले. ती पाहत होती आणि तिने मला पुरते पाहू दिले. मोतीलालने तोंड फिरवले. तोताराम मात्र निर्लज्जासारखा बघत राहिला आणि रडला.

सबब कलम ९ ची अंमलबजावणी माझ्या हयातीतच झाली असल्याने ते रद्द समजावे. बाकी सर्व कलमे कायम.

लिहून ठेवणार: झुलाल रुपचंद बोरसे, सही दस्तुरखुद्द

साक्षीदार:
मोतीलाल, किराणा दुकानदार, खैरगव्हाण, सही
तोताराम, शेतकरी, खैरगव्हाण, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम खैरगव्हाण, तालुका शिंदखेडा
तारीख ९ एप्रिल १९४७